कंपनीने सांगितलेल्यापेक्षा दाट इंजिन ऑइल: टाकण्यापूर्वी काय तपासावे आणि टाकायचेच असेल तर कसे

मुंबईत नवी गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या काही सर्व्हिसिंगच्या आतच एक सल्ला हमखास मिळतो: कंपनीचे ऑइल फार पातळ असते, आपल्या उकाड्यात आणि ट्रॅफिकमध्ये ते टिकत नाही, तेव्हा जरा जाड ऑइल टाका. सल्ला देणारा बहुधा अनुभवी मेकॅनिक असतो आणि फसवण्याचा त्याचा हेतू नसतो. त्याचा हात ज्या इंजिनांवर बसला ती इंजिने खरोखरच २०डब्ल्यू-४०सारख्या दाट ऑइलवर चालत असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी त्याच पिढीतली. आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे असलेले इंजिन त्या पिढीतले आहे का, हे मात्र सल्ला ऐकणाऱ्याने स्वतः पाहायला हवे. दाट ऑइल म्हणजे सरसकट चूक नव्हे. काही गाड्यांत आणि काही कारणांसाठी ते योग्य ठरते. पण ते कारण कोणते आणि मर्यादा किती, हे ठरवण्यासाठी खालील क्रमाने जावे.

पहिले काम: मॅन्युअलमधले ऑइलचे पान

गाडीसोबत आलेले ओनर्स मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात असते, आणि जुनी गाडी विकत घेताना ते मिळाले नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. शेवटच्या भागात, जिथे टायरचा दाब आणि बल्बचे वॅट दिलेले असतात, त्याच्या आसपास इंजिन ऑइलची माहिती सापडते. तिथून चार गोष्टी वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपून घ्याव्यात: ग्रेड, म्हणजे ऑइल किती दाट ते सांगणारे आकडे (उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०), दर्जाचे मानक (एपीआय एसपी, एसीईए सी३ अशा स्वरूपाचे), फिल्टर बदलताना लागणारे ऑइल किती लिटर, आणि ऑइल बदलण्याचे अंतर. हे अंतर बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन प्रकारे दिलेले असते. एक सामान्य वापरासाठी आणि दुसरे, कमी, खडतर वापरासाठी. हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

अनेक मॅन्युअलमध्ये एकाच ग्रेडऐवजी तापमानाची पट्टी छापलेली असते आणि तिच्यावर दोन-तीन ग्रेड आडव्या रेघांनी दाखवलेल्या असतात. आपल्या मॅन्युअलमध्ये अशी पट्टी असेल आणि तिच्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० असेल, तर ते ऑइल शिफारशीबाहेरचे नाहीच. इथे प्रश्न जवळजवळ मिटतो. टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये तर गाडी सतत वेगात किंवा मोठ्या भाराखाली चालवली जात असेल तर अधिक दाट ऑइल जास्त योग्य ठरू शकते, असे कंपनीनेच लिहून ठेवले आहे. याउलट पट्टी नसून एकच ग्रेड ठळक छापलेला असेल, ऑइल भरायच्या झाकणावरही तोच कोरलेला असेल, आणि दुसरे ऑइल केवळ तात्पुरते चालेल असे म्हटले असेल, तर तो इशारा गांभीर्याने घ्यावा.

आकड्यांचा अर्थ

५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा गोठणाऱ्या थंडीतली वागणूक सांगतो: ५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. मुंबईत सांताक्रूझला नोंदवले गेलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२ मधले. म्हणजे ०डब्ल्यू नसेल तर गाडी सुरूच होणार नाही, ही भीती आपल्याला नाही.

तरीही पहिला आकडा मुंबईत अगदीच निरुपयोगी नसतो. सकाळी सुरू होणारे इंजिन २५-३० अंशांवर असते आणि कोणत्याही ऑइलच्या दृष्टीने ते ‘थंड’च असते. प्रयोगशाळेत ४० अंशांवर मोजले तर ०डब्ल्यू-२० साधारण ४०-४५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक; आकडा जितका मोठा तितके ऑइल दाट) भरते, ५डब्ल्यू-३० साठ-सत्तरच्या घरात जाते, आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे. म्हणजे चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत, जेव्हा ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचायचे असते, तेव्हा पंपाला तिपटीहून अधिक दाट द्रव ढकलावा लागतो.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार १०० अंशांवर २० ग्रेडचे ऑइल ६.९ ते ९.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान, ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावे लागते. ३० ग्रेडची वरची कड आणि ४० ग्रेडची खालची कड एकमेकींना भिडलेल्या आहेत, हे इथे ध्यानात येईल. त्यामुळे एका कंपनीचे दाट ५डब्ल्यू-३० आणि दुसऱ्या कंपनीचे पातळ ५डब्ल्यू-४० यांच्यात प्रत्यक्षात फारसा फरक नसतो. २० वरून थेट ५० वर उडी मारणे ही मात्र दुपटीच्या आसपासची गोष्ट आहे.

याखेरीज एक आकडा डब्यावर सहसा नसतो, पण कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात असतो: एचटीएचएस. १५० अंशांवर आणि जोरदार घर्षणाखाली, म्हणजे फिरत्या बेअरिंगमध्ये जशी स्थिती असते तशा स्थितीत, ऑइल किती दाट राहते हे तो सांगतो. २० ग्रेडसाठी किमान २.६, ३० साठी २.९ आणि ५डब्ल्यू-४० साठी ३.५ अशी मर्यादा आहे. दोन डब्यांची तुलना करायची असेल तर मला हा आकडा ग्रेडपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

दाट ऑइल नेमके कशासाठी हवे आहे?

हा या मार्गदर्शकातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, कारण चार वेगवेगळ्या तक्रारींवर गॅरेजमध्ये एकच औषध दिले जाते.

पहिली तक्रार उकाड्याची. बाहेर ३८ अंश असताना ऑइल पातळ होत असणार, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून कूलंटचे तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतात आणि ऑइलही सामान्य वापरात साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहते. जानेवारीत आणि मे महिन्यात त्या ऑइलला जाणवणारा फरक आपल्याला जाणवणाऱ्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असतो. सायनहून घाटकोपरकडे जाताना गाडी तापत असेल, काटा वर चढत असेल, तर तो दोष रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा कूलंटच्या पातळीत शोधावा. ऑइल बदलून तो जात नाही.

दुसरी तक्रार आवाजाची: ‘टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतायत, जाड ऑइल टाकलं की शांत होईल.’ आवाज दबतो, हे खरे आहे. दाट थर धक्का शोषून घेतो. पण आवाज का येतो याचे उत्तर मिळत नाही. ऑइलची पातळी खाली गेली आहे, व्हॉल्व्हची फट सेट करायची राहिली आहे किंवा टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) थकला आहे, ही तीन कारणे आधी तपासून घ्यावीत. त्यातले पहिले तर आपण स्वतः दोन मिनिटांत तपासू शकतो.

तिसरी तक्रार ऑइल कमी होण्याची, आणि इथे दाट ऑइलाला खरोखर काही अर्थ आहे. लाखभर किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील झिजलेले असतील तर एक ग्रेड दाट ऑइल कमी जळते आणि खर्चिक काम काही काळ पुढे ढकलता येते. ही तडजोड आहे, दुरुस्ती नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे झाले. मात्र ऑइल नेमके कुठे जाते आहे ते आधी पाहावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर गळती आहे, आणि गॅस्केट किंवा चेंबरच्या नटाचा वॉशर बदलून ती थांबते. डाग नाही, पण सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर ऑइल जळते आहे. अशा वेळी पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर काढणारा) तपासायला सांगावे. तो स्वस्त असतो आणि तो तुंबला तरी ऑइल जळते.

चौथी गोष्ट तक्रार नसून तर्क आहे: कंपन्या पातळ ऑइल केवळ मायलेजच्या सरकारी नियमांसाठी सुचवतात. यात तथ्य आहे. इंधन-कार्यक्षमतेचे ‘कॅफे’ निकष आपल्याकडे २०१७-१८ पासून लागू झाले, २०२२-२३ पासून ते कडक झाले, आणि पातळ ऑइलने होणारी लहानशी बचतही कंपन्यांना मोलाची वाटते. फोर्डच्या पाच लिटरच्या मस्टँगमध्ये साध्या जीटीला ५डब्ल्यू-२० आणि ट्रॅकवर पळवण्यासाठी काढलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५० सांगितले गेले होते, यावरूनही ग्रेड वापरावर अवलंबून असतो हे दिसते. नव्या इंजिनात बेअरिंगची फट इतकी बारीक असते की दाट ऑइल तिच्यात शिरतच नाही, हे जे सांगितले जाते ते मला अतिशयोक्त वाटते. ती फट पूर्वीही मिलिमीटरच्या काही शतांशांची होती आणि आजही तेवढीच आहे. तरीही नवे इंजिन आणि जुने इंजिन यांत एक मोठा फरक आहेच, आणि तो बेअरिंगमध्ये नाही.

नव्या इंजिनात ऑइल केवळ वंगण नसते

आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत व्हीव्हीटी असते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ वेगानुसार मागेपुढे केली जाते, आणि हे काम इंजिन ऑइलच्या दाबावर चालते. बारीक छिद्रांतून, छोट्या व्हॉल्व्हमधून ऑइल ठरलेल्या वेळात पोहोचेल असे गृहीत धरून संगणकाचे गणित बसवलेले असते. ऑइल फार दाट असेल तर ते उशिरा पोहोचते, कॅमशाफ्ट सांगितलेल्या जागी वेळेत येत नाही आणि चेक-इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी००११ सारखा कोड दिसू शकतो. टायमिंग चेनचा टेन्शनर, काही इंजिनांतले हायड्रॉलिक टॅपेट, पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणारे फवारे हे सगळे याच दाबावर आणि प्रवाहावर अवलंबून असतात.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. दाट ऑइल टाकल्यावर दाब वाढतो, म्हणून वंगण वाढले, असे मानले जाते. दाब वाढतो तो बहुधा ऑइल सहज पुढे सरकत नाही म्हणून. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उघडतो आणि काही ऑइल इंजिनात न जाता परत फिरते. थंड इंजिनात फिल्टरचा बायपासही उघडून ऑइल न गाळता पुढे जाऊ शकते. शिवाय दाट ऑइल घुसळताना स्वतःच अधिक तापते आणि इंधनही थोडे जास्त खाते.

ट्रॅफिकमध्ये गरम इंजिन आयडलला असताना लाल ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर तो दाट ऑइलने विझवण्याचा मोह टाळावा. तो दिवा दाब अगदीच खाली गेल्यावर लागतो. गाडी बाजूला घेऊन बंद करावी, पातळी पाहावी, आणि मेकॅनिककडून वेगळा गेज लावून दाब मोजून घ्यावा.

मुंबईच्या वापराला खरे उत्तर

मुंबईतला वापर इंजिनाला त्रासदायक असतो, यात शंका नाही. पण उकाड्याहून जास्त त्रास होतो तो छोट्या फेऱ्यांमुळे आणि उभ्या-उभ्या चालण्यामुळे. दादरहून माटुंग्याला जाऊन यायचे, मुलांना शाळेत सोडायचे, बाजारात थांबायचे, अशा वापरात इंजिन पुरते तापतच नाही आणि ऑइलमध्ये उतरलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत तर पेट्रोल मिसळून ऑइल हळूहळू पातळ होत जाते. दुसरीकडे, पश्चिम द्रुतगती मार्गावर तासभर रखडताना किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असते. मॅन्युअल ज्याला खडतर वापर म्हणते तो हाच. म्हणून कमी किलोमीटरचे ते दुसरे अंतर आपल्याला लागू होते, आणि गाडी कितीही कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलणे योग्य. योग्य ग्रेडचे ऑइल वेळेआधी बदलणे हे चुकीच्या ग्रेडचे ऑइल उशिरा बदलण्यापेक्षा इंजिनाला अधिक मानवते, आणि खर्चात फारसा फरक पडत नाही.

ठरलेच, तर पुढची कृती

आधी डीपस्टिक वाचायला शिकावे. गाडी सपाट जागेवर उभी करावी. अनेक इमारतींचे पार्किंग उताराचे असते, तिथे घेतलेले माप चुकते. इंजिन गरम करून बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये उतरते. डीपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, शेवटपर्यंत आत घालावी, पुन्हा काढावी आणि आडवी धरून दोन्ही बाजू पाहाव्यात; जी बाजू कमी दाखवते ती खरी मानावी. ऑइलचा रंग काळा दिसला म्हणून घाबरू नये. दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर मात्र गाडी सुरू करू नये. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे आवर्जून पाहावे, कारण तो पाणी शिरल्याचा पुरावा असू शकतो.

त्यानंतर एकाच पायरीने वर जावे: ०डब्ल्यू-२० च्या जागी ५डब्ल्यू-३०, किंवा ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०. मानक मात्र मॅन्युअलमधलेच किंवा त्याहून नवे असावे. गाडी वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमध्ये नसलेला ग्रेड टाकूच नये, कारण पुढे इंजिनाचे काम निघाले तर दावा नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते. वॉरंटी संपली असली तरी ऑइलच्या बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बऱ्याचदा बॅरलमधून भरले जाते. कोणते भरले, हे विचारण्यात संकोच नसावा.

ऑइल विकत घेताना सीलबंद डबा घ्यावा, सील आणि उत्पादनाची तारीख पाहावी, आणि नेहमीपेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या डब्यापासून दूर राहावे. कुर्ल्यात किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची चांगली दुकाने आहेत; ओळखीचे दुकान धरून ठेवणे फायद्याचे. डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात कोणी बनावट ऑइल भरून विकणार नाही.

जुने ऑइल इंजिन गरम असतानाच काढावे, पूर्ण निथळू द्यावे, फिल्टर आणि नटाचा वॉशर नवा घालावा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडे कमी भरून इंजिन मिनिटभर चालवावे, मग डीपस्टिक पाहून उरलेले भरावे. वरच्या खुणेपलीकडे भरणे हे कमी भरण्याइतकेच वाईट. क्रँकशाफ्ट त्यात बुडून फेस करतो. ऑइल ‘घट्ट’ करणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या टाकू नयेत.

पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे. सकाळी सुरू केल्यावर ऑइलचा दिवा पूर्वीपेक्षा उशिरा विझतो का, पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट ऐकू येतो का, चेक-इंजिन लागते का, ॲव्हरेज किती उतरले. ऑइल कमी होत असल्याची तक्रार असेल तर वरच्या खुणेपर्यंत भरलेले असताना किलोमीटर टिपून ठेवावे आणि दर हजार किलोमीटरला किती घालावे लागते ते मोजावे. फरक दिसत नसेल तर अजून दाट ऑइल हे उत्तर नाही.

दुचाकी आणि डिझेलसाठी वेगळे नियम

गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. तिथे ग्रेडइतकेच महत्त्व डब्यावरच्या जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ या खुणेला आहे. घर्षण कमी करणारे कारचे ऑइल टाकले तर क्लच घसरतो. गिअर नसलेल्या स्कूटरला बहुधा जासो एमबी लागते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरच्या उन्हाचा परिणाम कारपेक्षा जास्त होतो, त्यामुळे ग्रेडची एक पायरी वर जाण्याचा विचार तिथे अधिक समर्थनीय ठरतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ऑइल जळून उरणारी राख त्यात साठते आणि ती जाळून काढता येत नाही. म्हणून या गाड्यांत कमी राखेचे ऑइल, म्हणजे मॅन्युअलमध्ये सांगितलेले एसीईए सी गटातले किंवा कंपनीच्या स्वतःच्या मानकाचे, सोडू नये. जुन्या ट्रकसाठी बनलेले १५डब्ल्यू-४० स्वस्त पडते खरे, पण डीपीएफ बदलण्याचा खर्च त्या बचतीच्या कित्येक पट असतो.

निथळून काढलेले ऑइल गटारात किंवा इमारतीच्या मागच्या मातीत ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुना फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून, निथळवून त्याच्यासोबतच द्यावा.